पाण्याचा रंग कोणता?

मैत्रिणींनो, तुमच्या मुलानं नाहीतर मुलीनं वहीत काढलेलं निसर्गचित्र जरा डोळ्यांसमोर आणा. त्यात काय काय आहे ते मी न बघताच सांगते. दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध अर्धा उगवलेला सूर्य, त्याला खराट्याच्या काड्यांसारखे किरण. डोंगरातून वळणं घेत आलेली निळीशार नदी. काठावर कौलारू घर आणि घराला टेकून एक नारळाचं झाड. बरोबर ना? चौथीत असताना तुम्हीही हेच चित्र काढलं होतंत आणि मीही. आपल्या आयांनी पाटीवर बहुधा हेच काढलं असेल!

मी राहते एकलहऱ्याला, नाशिकरोडपासून जवळच. इथं नारळाचं झाड हुडकावं लागतं. डोंगर दिसलेच तर लांबवर. डोळ्यांत भरतात त्या वीजकेंद्राच्या उंच चिमण्या. १९७० साली इथला पहिला संच सुरू झाला, तेव्हापासून एकलहरे म्हटलं की लोकांना आधी वीजकेंद्रच आठवतं. पण गावाला त्याच्याही आधीपासून गोदावरी आहे. आम्ही नाशिककडचे लोक तिला गंगाच म्हणतो. काठानं बाभळी आहेत, करंज आहेत, काळ्या रानात कांदा आणि द्राक्षं आहेत. आणि आमच्या वर्गातल्या अडतीस मुलांच्या निसर्गचित्रांत यातलं काय होतं म्हणाल, तर काहीच नाही. सगळ्यांनी मिळून नारळाची झाडं मात्र अडतीस लावली होती.

सगळ्यांनी म्हटलं खरं, पण एकीनं लावलं नव्हतं. तिचीच गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे. गोष्ट तिची असली तरी चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकते.

मी शाळेत अर्धवेळ शिक्षिका. बी. ए. झाले ते मराठी घेऊन. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर शाळेत असताना दिलेली एलिमेंटरीची परीक्षा, तीही बी ग्रेड. पण पाचवीचे चित्रकला आणि कार्यानुभवाचे तास माझ्या वाट्याला आले. गेल्या वर्षी जुलैमध्ये वह्यांचा गठ्ठा तपासायला घरी आणला होता. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत निम्मा गठ्ठा उरकायचा, असा माझा हिशेब. डोंगर, सूर्य, नारळ, सही. डोंगर, सूर्य, नारळ, सही. मध्येच एका वहीशी हात थांबला. त्या चित्रात डोंगर नव्हते, सूर्यही नव्हता. पानभर नदी होती आणि तिचा रंग चहासारखा, मातकट. काठाला दोन वेड्यावाकड्या बाभळी आणि त्यांना काहीतरी लोंबत होतं. मला वाटलं, पोरीनं ब्रश धुतलेलं पाणी सांडलंय. लाल पेन हातात होतंच. लिहिलं, ‘पाण्याचा रंग निळा असतो. चित्र पुन्हा नीट काढ.’

आठ दिवसांनी वही परत आली. डोंगर, सूर्य, नारळ, निळी नदी, सगळं जागच्या जागी. मी ‘छान!’ लिहून सही केली आणि विसरून गेले.

पुढं श्रावणी सोमवारी सासूबाईंना घेऊन गंगेवर गेले. त्र्यंबकला दोन दिवस पाऊस लागला होता, गंगापूर धरणातून पाणी सोडलं होतं. “गंगेला नवं पाणी आलं गं,” असं म्हणून सासूबाईंनी हात जोडले. मी बघितलं आणि चरकलेच. काठोकाठ भरलेली नदी, अगदी चहाच्या रंगाची. काठाला दोन वेड्यावाकड्या बाभळी. आणि बाभळींना लोंबत होते सुगरणीचे खोपे!

पोरीनं रोज बघितलं ते काढलं होतं. आणि मी, पोटासाठी म्हणा, हौसेसाठी म्हणा, शिकवायला उभी राहिलेली बाई, तिला सांगून बसले होते की तुला दिसतं ते चूक आहे.

घरी येऊन आमच्या चिरंजीवांची वही उघडली. त्यातलं दिवाळीच्या सुट्टीतलं निसर्गचित्र मीच काढून दिलं होतं. त्याला मिळालेला ‘अतिसुंदर’ हा शेराही मनातल्या मनात मीच घेतला होता. हसू नका! मुलांचे तक्ते आणि प्रकल्प रात्री अकरा वाजता डोळे चोळत कोण पुरे करतं, ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. मुलांना वेळ नसतो, शाळेला सुबक हवं असतं, आणि आपल्याला आपलं मूल मागं पडलेलं चालत नाही. या सगळ्यात मुलानं स्वतःच्या डोळ्यांनी काही बघायचं राहून जातं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंकडे गेले. म्हटलं, पोळ्याच्या आधीच्या शनिवारी पाचवीच्या मुलांना गंगेच्या बाजूला चालत नेऊन आणते. निसर्ग बघतील, चित्रं काढतील. मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “नदीला पाणी आहे, अंगावर जबाबदारी आहे. शिवाय अभ्यासक्रमाचं काय?” त्यांचं काही चुकत नव्हतं. शेवटी असं ठरलं की पाण्याजवळ जायचंच नाही. काठापासून लांब, वरच्या अंगाला ओळखीच्या एका शेतकऱ्याचं रान आहे, त्याच्या बांधावर बसायचं. दहा मुलांमागे एक मोठं माणूस. त्यासाठी दोन आयांना बरोबर घ्यायचं आणि सगळ्या घरांतून लेखी परवानगी आणायची.

परवानगीच्या चिठ्ठ्या आल्या त्याही वाचण्यासारख्या होत्या. एकीनं लिहिलं, ‘सर्दी होते, पाठवणार नाही.’ दुसरीनं विचारलं, ‘चित्रच काढायचं तर वर्गात का नाही?’ एक बाई तर दारातच मला म्हणाल्या, “अहो, सहल म्हणजे वॉटरपार्कला तरी न्या. शेत काय बघायचं? आमचं आहे की घरचंच!” मी म्हटलं, “मग तुमच्या लेकीला विचारा बरं, बाभळीच्या फुलाचा रंग कोणता?” लेक म्हणाली, “लाल?” बाई हसल्या आणि चिठ्ठीवर सही करून वर स्वतःच आमच्याबरोबर यायला तयार झाल्या.

शनिवारी सकाळी साडेसातला निघालो. प्रत्येकाजवळ एक पुठ्ठा, त्याला चिमट्यानं लावलेले पोस्टकार्डाएवढे चार कागद, पेन्सिल, खडू, डबा आणि पाण्याची बाटली. खोडरबर मात्र मी सगळ्यांकडून काढून घेतलं. मुलं एवढी बावरली, जणू मी त्यांच्या चपलाच काढून घेतल्या! पण खोडरबर हातात असलं की मूल समोरच्या झाडाकडे कमी आणि आपल्या चुकांकडे जास्त बघतं, असा माझा अनुभव आहे.

पहिला अर्धा तास पेन्सिलीला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं, ऐकायचं, हुंगायचं. पाच मिनिटं दंगा झाला. मग हळूहळू एकेकाला काय काय दिसायला लागलं. टिटवी ओरडली. तारेवर खंड्या बसला होता. डोहात साठलेली जलपर्णी शेतकऱ्यानं काठीनं ओढून दिली. तिचा फुगीर देठ आम्ही ब्लेडनं कापला, तर आत स्पंजासारख्या हवेच्या पोकळ्या. “म्हणून ती बुडत नाही!” एक मुलगा ओरडला. एवढी सुंदर जांभळी फुलं येणारी ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली, इथं येऊन नद्यांचा श्वास कोंडते, हे मी सांगितलं. पण ती का तरंगते, ते त्यानं स्वतः शोधलं होतं. ते तो विसरायचा नाही.

खरी गंमत झाली ती सुगरणीच्या खोप्यांपाशी. आपण ‘सुगरण’ म्हणतो, बहिणाबाई चौधरींच्या कवितेनं ती घराघरांत पोचवली, म्हणून मुलांना वाटत होतं की घर विणते ती मादीच. प्रत्यक्षात खोपा विणतो तो नर! पावसाळ्यात त्याच्या डोक्यावर पिवळीजर्द टोपी चढते. गवताच्या पात्यांच्या लांब चिरफळ्या काढून तो चोचीनं निम्मा खोपा विणतो आणि पंख फडफडवून मादीला बोलावतो. ती येऊन आत-बाहेर बघते. पसंत पडलं तर राहते, मग तो पुढचं काम पुरं करतो. नापसंत असेल तर निघून जाते आणि खोपा तसाच अर्धवट लोंबत राहतो. हे ऐकल्यावर बरोबर आलेल्या त्या बाई म्हणाल्या, “म्हणजे सुगरण तो, आणि नावं ठेवायचा मान तेवढा तिला!” पोरी जी काही हसल्या! पण त्यानंतर सगळ्यांनी मोजायला सुरुवात केली. अर्धवट किती, पुरे किती, नळी लांब झालेले किती. मग पेन्सिली निघाल्या, त्याही न सांगता.

आणि ती? ती बांधाच्या टोकाला बसली होती. कागद कोरा. मी जवळ गेले तर तिनं वर बघून विचारलं, “बाई, नदीला कोणता रंग द्यायचा?”

मैत्रिणींनो, खरं सांगते, त्या प्रश्नानं माझ्या पोटात खड्डा पडला. समोर नदी वाहतेय आणि दहा वर्षांची पोर मला विचारतेय की ती कोणत्या रंगाची आहे असं म्हणायचं? मी तिच्याशेजारी बसले. म्हटलं, “तुझं पहिलं चित्र बरोबर होतं. चुकलं माझं. मी नदी न बघताच शेरा मारला. तुला दिसतोय तोच रंग दे.” तिनं खडूंची पेटी उलटीपालटी केली आणि म्हणाली, “तो यात नाहीये.”

तसा रंग पेटीत नव्हताच. मग तिनं पायाखालची ओली माती बोटावर घेतली, बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब टाकले आणि कागदावर बोटानं नदी ओढली. काठाशी दाट, मधे पातळ. शेजारची मुलं बघायला आली आणि पाच मिनिटांत सगळे पोरं-पोरी मातीनंच रंगवायला लागले. कुणी करंजाचं पान कागदावर चोळलं, तर हिरवा डाग उमटला. कुणी शेतकऱ्याच्या विझलेल्या चुलीतला कोळसा आणून वीजकेंद्राच्या चिमण्या काढल्या. शेवटी उरलेल्या काळ्या मातीचे पोळ्याचे बैल झाले. काहींची शिंगं वाटेतच मोडली, तो भाग वेगळा.

सगळं गोड गोड झालं असं मात्र समजू नका. एकाला मुंगळा चावला. एकजण चिखलात बसकण मारून घरी गेला आणि त्याच्या आईनं सोमवारी मला चांगलंच सुनावलं. चित्रं आम्ही व्हरांड्यात दोरीला लावली, तेव्हा एका पालकांनी विचारलं, “मळकी का आहेत ही सगळी? स्पर्धेला काय पाठवणार?” मोठ्या बाईंनी मात्र चित्रांपुढून दोन फेऱ्या मारल्या. बोलल्या काही नाहीत. पण दिवाळीनंतर वेळापत्रकात महिन्याच्या एका शनिवारापुढं ‘परिसर फेरी’ असं लिहिलेलं मला दिसलं.

तुम्ही म्हणाल, ही सगळी नवी फॅडं. नवी कुठली? आमच्या याच गंगेच्या काठी, खाली निफाड तालुक्यात चांदोरी नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेत १९२९ ते १९३३ या काळात एक तरुण शिक्षिका शिकवत होती. तेराव्या वर्षी लग्न झालेली आणि वर्षाच्या आतच वैधव्य आलेली. त्या अनुताई वाघ. पुढं त्या पुण्याला हुजूरपागेत गेल्या आणि १९४५ पासून ताराबाई मोडकांबरोबर आधी बोर्डीला, मग डहाणू तालुक्यात कोसबादच्या टेकडीवर राहिल्या. तिथली आदिवासी मुलं गुरं वळायला जायची, शाळेत येणार कशी? या दोघींनी शाळाच कुरणावर नेली आणि तिला नाव दिलं ‘कुरणशाळा’. माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, तर शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. मोजायचं तेही त्यांनीच आणि नक्षी मांडायची तीही त्यांनीच. रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात १९०१ साली झाडाखाली शाळा भरवली, हे आपल्याला माहीत असतं. आपल्या घरच्या या बायकांनी काय केलं, ते मात्र आपण विसरतो. आता २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा सुचवली आहे. सुतार, माळी, कुंभार यांच्याकडून मुलांनी शिकावं, असं त्यात म्हटलं आहे.

आणि कोसबादपर्यंत तरी कशाला जायचं? हरतालिकेला, मंगळागौरीला पत्री आणायला आपण परकर सावरत आजीच्या मागं जायचो, ती निसर्गसहल नव्हती तर काय? आघाडा कोणता, माका कोणता, शमी आणि बाभूळ यांच्या पानांत फरक काय, हे आपल्याला कुठल्या पुस्तकानं शिकवलं? आणून ती पत्री मांडायची, रांगोळी काढायची, चैत्रांगणात सूर्य-चंद्र, कासव, गोपद्म रेखायचं. बघणं आणि काढणं आपल्या घरात कधी वेगळं नव्हतंच. आता आपण पत्रीचा तयार वाटा विकत घेतो आणि आत काय आहे ते न बघता वाहून मोकळ्या होतो. मीही तेच करत होते. यंदा मुलाला घेऊन सासूबाईंच्या मागं गेले. अकरा पानं मला ओळखता आली, सासूबाईंना सगळी.

तेव्हा शाळेनं सहल काढली तर परवानगीच्या चिठ्ठीवर सही करा. पण काठापासून किती लांब बसवणार, बरोबर मोठी माणसं किती, हे जरूर विचारा. ते विचारणं म्हणजे आडवं जाणं नव्हे. मुलाला नवे कपडे घालू नका. पूर्ण बाह्यांचा जुना सदरा, बूट, डोक्याला टोपी, डब्यात हातानं खाता येईल अशी पोळीची गुंडाळी, आणि बसायला जुन्या साडीचा तुकडा एवढं पुरे. शाळा नेत नसेल तर रविवारी तुम्ही न्या. घरामागचं एक झाड निवडा आणि दर महिन्याला त्याचंच चित्र काढायला सांगा. फाल्गुनात आंब्याची कोवळी पानं तांबूस असतात, हिरवी नसतात, हे त्याचं त्यालाच कळू द्या.

रंगही घरचे करता येतात. हळद पाण्यात कालवली की पिवळा. त्यातच चिमूटभर खायचा चुना घातला की लाल, पण चुन्याला मुलांचा हात लागू देऊ नका, ते काम आपलं. जास्वंदीच्या पाकळ्या उकळून गाळून घ्या, जांभळट रंग येतो. लिंबू पिळलं की तो गुलाबी होतो आणि खाण्याचा सोडा टाकला की हिरवट. मुलं हा खेळ तासभर खेळतात. पळसाची फुलं रात्रभर भिजवली की केशरी पाणी मिळतं. बाभळीचा डिंक भिजवून दोन थेंब घातला तर रंग कागदाला धरतो. हळदीचा रंग उन्हानं उडतो, म्हणून चित्र सावलीत ठेवा. गोळा केलेली पानं वर्तमानपत्रात घालून वर पाटा ठेवायचा आणि आठ-दहा दिवस रोज कागद बदलायचा, म्हणजे बुरशी येत नाही. पान कागदाखाली ठेवून वरून खडू आडवा फिरवला की शिरांसकट ठसा उठतो. तीन वर्षांच्या मुलालाही हे जमतं.

एवढं मात्र करा. मूल चित्र घेऊन आलं की ‘हे असं कसं?’ म्हणू नका. ‘हे कुठं बघितलंस?’ असं विचारा.

त्या मुलीची जुनी वही मी मागून घेतली. माझ्या लाल शेऱ्यावर काट मारली आणि खाली सही केली. ती काही बोलली नाही, वही घेऊन जागेवर गेली. मला वाटलं होतं, आता ती भरभरून चित्रं काढेल. तसं काही झालं नाही. कित्येक आठवडे काढायच्या आधी ती माझ्या तोंडाकडे बघायची. एकदा लिहिलेला शेरा काट मारून पुसत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मग जानेवारीत एक दिवस मधल्या सुट्टीत ती पळत पळत आली. श्वास लागला होता. “बाई, तुम्ही आज गंगा बघितली का?”

“नाही गं. का?”

“पाणी संथ झालंय,” ती म्हणाली, “आज ती निळी आहे.”